तिप्पेस्वामींनी निवडलेलं सॉफ्टवेअर

आमच्या हॉस्पिटलात सर्जनची वेळ एकवेळ मिळायची, पण तिप्पेस्वामींकडून आयपी ॲड्रेस मिळणं महाकठीण. बन्नेरघट्टा रोडवरच्या त्या इमारतीच्या तळघरात आमचं नेटवर्कचं खातं होतं आणि खात्याच्या दारातच त्यांनी आपलं टेबल टाकलं होतं. त्यांना ओलांडल्याशिवाय आत पाऊल टाकता यायचं नाही. नवा मॉनिटर आला, कॅमेरा बसवला, एक्स-रेचं यंत्र बदललं, की त्याला नेटवर्कवर एक आकडी पत्ता लागतो. एका पत्त्यावर दोन यंत्रं बसली, की दोघांचंही बोलणं तुटतं. कुठला पत्ता रिकामा आणि कुठला भरलेला, हे तिप्पेस्वामींच्या डोक्यात असायचं. डोक्यात मावलं नाही ते त्यांच्या संगणकावरच्या एक्सेलमध्ये. ते एक्सेल त्यांनी मलाही कधी दाखवलं नाही, आणि मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसत होते.

पत्ता मागायला आलेल्याला ते बसा म्हणत नसत. हातातली कॉफी थंड होईपर्यंत ढवळत राहायचे. मग मान वर न करता विचारायचे, "कशाला पाहिजे?"

"सर, दुसऱ्या मजल्यावर नवीन ईसीजी मशीन आलंय."

"आलंय? मला विचारून आलंय का?"

एकदा हृदयरोग विभागाचे मुख्य डॉक्टर स्वतः खाली आले. तिप्पेस्वामींनी त्यांनाही उभं ठेवलं आणि मला म्हणाले, "पंकजा, डॉक्टरसाहेबांना सांग, ते माणसाच्या छातीला हात लावतात तेव्हा मी मध्ये बोलतो का?" डॉक्टर पाय आपटत गेले. तिप्पेस्वामी दिवसभर खूश होते.

माणूस चळ्ळकेरेचा, तेलगिरणीत हमाली करणाऱ्या बापाचा मुलगा. शिक्षण बेताचं. हॉस्पिटलची एकच इमारत होती तेव्हा ते वायरी ओढायला लागले, आणि इमारती वाढल्या तसं सगळं नेटवर्क त्यांच्या हातातून गेलं. त्यांना मूल नव्हतं. घरी गिरिजम्मा नावाची बायको, तिनं दिलेला चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या भाताचा, डबा ते एकटेच खायचे. मला आठवतं तसं त्यांनी कुणाचं वाईट केलं, तर पैशासाठी कधी नाही. समोरचा माणूस आपल्यापुढे बारीक होताना बघायला त्यांना आवडायचं, एवढंच.

बोपण्णा आमच्याकडे लागला तेव्हा कोवळा होता. मडिकेरीकडचा, गोरापान, हळू बोलणारा. तिप्पेस्वामींपुढे उभं राहायचं त्याच्या जिवावर यायचं. म्हणून एकदा त्यानं रक्ततपासणीच्या लॅबमधल्या प्रिंटरला स्वतःच्याच अंदाजानं एक पत्ता देऊन टाकला. तो पत्ता लॅबच्याच एका मोठ्या यंत्राचा होता. दुपारभर यंत्राचे रिपोर्ट वॉर्डात पोचेनात. डॉक्टरांची ओरड सुरू झाली.

तिप्पेस्वामींनी चूक शोधून काढली. मग त्यांनी त्या प्रिंटरची केबल काढली आणि बोपण्णाच्या गळ्यात घातली.

"चल," म्हणाले, "प्रत्येक टेबलापाशी जायचं आणि म्हणायचं, मी दुसऱ्याचा पत्ता चोरला."

"सर, चुकलो. पुन्हा नाही होणार."

"मला नको सांगू. त्यांना सांग."

बोपण्णा लॅबभर फिरला. गळ्यातली केबल जमिनीवर फरपटत होती. त्याच लॅबमध्ये त्याची ठरलेली बायको कामाला होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि तिप्पेस्वामींना सर्वांत जास्त. तिच्या टेबलापाशी बोपण्णा थांबला तसे ते मागून म्हणाले, "इथं जरा मोठ्यानं म्हण. सासरचे पत्ते नीट लक्षात ठेवायला हवेत."

लॅब खो खो हसली. ती मुलगीही हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली. बोपण्णानं ते पाहिलं. ते लग्न झालं नाही. पुढच्या महिन्यात त्यानं नोकरी सोडली.

पुष्कळ वर्षांनी तोच बोपण्णा खात्याचा प्रमुख होऊन परत आला. मधल्या काळात मोठमोठ्या कंपन्यांत राहिला होता, अंगानं भरला होता. आवाज मात्र तसाच हळू. पहिल्या दिवशी तो दारातल्या टेबलापाशी थांबला आणि सगळ्यांसमोर तिप्पेस्वामींच्या पाया पडला.

"सर, तुम्हीच मला शिकवलंत," तो म्हणाला.

आमच्यातल्या कुणाला हसू आलं नाही. तिप्पेस्वामी मात्र फुलले. मला नंतर म्हणाले, "बघितलंस? कडक वागलं की माणूस सरळ होतो."

बोपण्णानं काही महिने काहीच केलं नाही. मग एका बैठकीत त्यानं विषय काढला. तिसरी इमारत उभी राहत होती, यंत्रं दुपटीनं वाढणार होती. पत्ते सांभाळायला आता सॉफ्टवेअर घ्यावं लागेल. तिप्पेस्वामींचा चेहरा उतरला. पण बोपण्णा पुढे म्हणाला, "ते कुठलं घ्यायचं हे तिप्पेस्वामी सर ठरवतील. त्यांच्याइतकं हे नेटवर्क कुणाला कळतं? तुम्ही म्हणाल ते घेऊ, सर. शब्द देतो."

तिप्पेस्वामींनी सगळीकडे पाहिलं. कुणी टिंगल करतंय का, हे बघत होते. कुणी करत नव्हतं.

आणि मग आम्ही एक वेगळाच माणूस बघितला. त्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागायचा, तरी तिन्ही सॉफ्टवेअरची माहिती त्यांनी ओळ न ओळ वाचली. एक परदेशी कंपनीचं होतं, जितके पत्ते तितका दर. दुसरं चेन्नईच्या कंपनीचं. तिसरं फुकटचं, कुणीही उतरवून घ्यावं आणि आपल्या सर्व्हरवर चालवावं, पण अडलं तर फोन करायला कुणी नाही. परदेशी कंपनीचा विक्रेता आला, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवायला लागला, तर यांनी त्याला मध्येच तोडलं.

"हे गोल गोल राहू दे. माझ्या माणसानं उद्या मला न विचारता पत्ता लावला, तर तुझ्या सॉफ्टवेअरला कळेल का?"

"सर, रिपोर्टमध्ये येईल."

"रिपोर्टमध्ये म्हणजे पोस्टमॉर्टेममध्ये. मला चोरी होताना कळायला पाहिजे. जा, कॉफी घे आणि जा."

ते वॉर्डावॉर्डात फिरायला लागले. परिचारिकांना विचारायचे, यंत्र बदलताना तुमचा वेळ कुठं जातो? एकीनं तोंडावर सांगितलं, "तुमच्या दारात." ते चक्क हसले. ईसीजीवाल्याला एकदा खुर्ची दिली. गिरिजम्मांनी मला फोनवर सांगितलं, "हल्ली घरी आले की या सॉफ्टवेअरचंच चालू असतं. मला तर निम्मं कळत नाही. पण जेवताना बोलतात ना, मग मी ऐकते."

चेन्नईवाल्यांच्या सॉफ्टवेअरची चाचणी सुरू झाली तेव्हा बोपण्णा म्हणाला, "सर, खोटे पत्ते भरून काय कळणार? खरे भरले पाहिजेत. सगळे."

तिप्पेस्वामींनी आपलं एक्सेल उघडलं आणि माझ्या शेजारी बसून एकेक पत्ता मला घालायला सांगू लागले. फायलीत नव्हतं तेही सांगितलं. हा पत्ता मोकळा दिसतो, पण नको देऊ, दर उन्हाळ्यात फिरतं एक्स-रे यंत्र इथं येतं. या रांगेतला सगळा भाग लिफ्टच्या कॅमेऱ्यांसाठी ठेवलाय. आठवडेच्या आठवडे हे चाललं. इतक्या वर्षांत कुणापुढं न उघडलेली मूठ त्यांनी पूर्ण उघडली.

शेवटी त्यांनी स्वतःच मुद्दाम चोरी करून पाहिली. एक लॅपटॉप घेतला, दुसऱ्या यंत्राचा पत्ता त्याला लावला आणि तिसऱ्या मजल्यावर कुठंतरी जोडून आले. ते जिना उतरेपर्यंत माझ्या पडद्यावर लाल ओळ आली होती. कुठला पत्ता, कुठला मजला, कुठली खोली, भिंतीवरचं केबलचं कुठलं भोक.

"खोलीसकट!" ते ओरडले. "पंकजा, खोलीसकट सापडला! हे आपलं. दुसरं काही बघायचं नाही."

बोपण्णानं शब्द पाळला. तेच सॉफ्टवेअर घेतलं. एवढंच नाही, तर त्यानं सभागृहात कार्यक्रम ठेवला. संचालक आले, तिप्पेस्वामींच्या डोक्यावर म्हैसुरी पेटा चढवला, शाल घातली, हातात फळांची करंडी दिली. गिरिजम्मा पहिल्या रांगेत बसल्या होत्या, डोळ्यांना पदर लावत. बोपण्णा माईकवर म्हणाला, "सरांनी आपलं आयुष्यभराचं ज्ञान या सॉफ्टवेअरला दिलं. आता त्यांच्या खांद्यावर ओझं ठेवणं बरं नाही. म्हणून उद्यापासून सर जुन्या इमारतीतल्या स्टोअरची शांत जबाबदारी सांभाळतील."

टाळ्या झाल्या. तिप्पेस्वामींना आधी कळलंच नाही. टाळ्यांना ते मान लववत होते, पेटा कपाळावर घसरत होता. कळलं तेव्हा त्यांनी करंडी खाली ठेवली आणि बोपण्णाकडे पाहिलं. बोपण्णानं हात जोडले.

कार्यक्रमानंतर ते तळघरात आले तेव्हा त्यांचा पासवर्ड चालत नव्हता. नव्या सॉफ्टवेअरमध्ये आम्हा सगळ्यांची नावं होती. त्यांचं नव्हतं.

"नजरचुकीनं राहिलं असेल," ते मला म्हणाले.

मी बोपण्णाला विचारलं. तो म्हणाला, "स्टोअरमध्ये बसून त्यांना पत्ते कशाला बघायचेत, अक्का?"

जुन्या इमारतीचं स्टोअर म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. मोडके प्रिंटर, फुटके पडदे, खुर्च्यांचे सुटे पाय. समोर बिलाचा काउंटर, वरच्या मजल्यावर नवजात बाळांचा वॉर्ड, मूळ जागेचं रंगकाम संपेपर्यंत तिथं हलवलेला. तिप्पेस्वामी रोज सकाळी आधी तळघराच्या दारात यायचे. आत पाऊल टाकायचे नाहीत.

"काही अडलंय का?"

"नाही सर."

"तिसऱ्या इमारतीचं कसं चाललंय?"

"चाललंय, सर."

खरंच चाललं होतं. त्यांची वाट बघत काहीही बंद पडलं नाही. पत्ता हवा असला की वॉर्डातली पोरगी पडद्यावर मागायची आणि कॉफी यायच्या आत तिला मिळायचा. लोक त्या सॉफ्टवेअरला दुवा देत होते. तिप्पेस्वामींना कुणी शिव्यासुद्धा देत नव्हतं, लोक विसरून गेले होते. ईसीजीवाला एकदा त्यांना म्हणाला, "सर, अजून आहात तुम्ही? मला वाटलं रिटायर झालात." त्याच्या मनात काही नव्हतं. तरी ते ऐकून तिप्पेस्वामी दोन दिवस तळघराच्या दारात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि विचारलं, "एवढे पत्ते, आणि काहीच घोळ नाही?"

"तुम्ही निवड चांगली केलीत ना, सर," मी म्हणाले. मला त्यांना बरं वाटावं असं वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्यावर थुंकलेय.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते भर दुपारी केलं. स्टोअरमधला एक जुना प्रिंटर त्यांनी पुसला, चालू केला आणि त्याला समोरच्या बिल काउंटरचा पत्ता लावला. तो पत्ता त्यांना पाठ होता, पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच दिला होता. हिशोब सरळ होता. काउंटर बंद पडेल, रांगेतले नातेवाईक बोंब मारतील, बोपण्णाला धावत यावं लागेल आणि त्याला काही सापडणार नाही. कारण जुन्या इमारतीतली यंत्रणा जुनाट, ती नव्या सॉफ्टवेअरला खोली सांगू शकत नाही, हेही त्यांना माहीत होतं.

त्यांना माहीत होतं ते सगळं शिळं झालं होतं. जुन्या इमारतीतली यंत्रणा आदल्या आठवड्यातच बदलली होती. आणि बिलाच्या सगळ्या संगणकांना मधल्या काळात नवे पत्ते दिले होते. मोकळा झालेला तो जुना पत्ता सॉफ्टवेअरनं वरच्या बाळांच्या वॉर्डातल्या मोठ्या पडद्याला देऊन टाकला होता.

तिप्पेस्वामी स्टोअरच्या दारात उभे राहून काउंटरकडे बघत होते. काउंटर चालू होता. पावत्या निघत होत्या. त्यांनी आत जाऊन केबल काढली, पुन्हा घट्ट बसवली आणि पुन्हा बघत राहिले.

वर फिलोमिना सिस्टर एकटी होती, दुसरी जेवायला गेली होती. टेबलावरच्या त्या पडद्यावर सगळ्या बाळांचे श्वास एकत्र दिसायचे. तो काळा झाला, आला, पुन्हा काळा झाला. पाळण्यांजवळची छोटी यंत्रं चालू होती, पण त्यांचा आवाज बारीक, आणि खोल्या दोन. फिलोमिना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत धावत होती. दुसऱ्या खोलीत खिडकीकडच्या पाळण्यात सातव्या महिन्यात जन्मलेली एक मुलगी होती. फिलोमिना पोचली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. तिनं बाळाचे तळपाय चोळले, पाठ चोळली, नावानं हाक मारायला त्या बाळाला अजून नाव नव्हतं, म्हणून नुसतं "ए सोन्या, ए सोन्या" करत राहिली. बाळानं श्वास घेतला.

तळघरात माझ्या पडद्यावर लाल ओळ आली होती. बोपण्णाच्याही आली होती. तो खुर्चीतून उठला नाही. मला म्हणाला, "अक्का, जाऊन बघा कोण आहे ते."

मी गेले. तिप्पेस्वामी प्रिंटरपाशी खाली बसले होते, हातात केबल.

"चालू कसा काय आहे?" त्यांनी मला विचारलं. बिलाच्या काउंटरबद्दल विचारत होते.

"सर, ती केबल सोडा. वर बाळांचा पडदा गेलाय."

"बाळांचा? नाही नाही. हा बिलाचा पत्ता आहे. मी दिलाय तो."

"आता नाहीये सर."

त्यांनी माझ्या हातातल्या फोनवरची लाल ओळ वाचली. खूप वेळ वाचली. मग केबल हातातून सोडली.

संध्याकाळी बोपण्णानं त्यांना खोलीत बोलावलं, मलाही साक्षीला बसवलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"वाचा, सर."

"बोपण्णा, मला ठाऊक नव्हतं वर..."

"वाचा ना. मोठ्यानं."

तिप्पेस्वामींनी वाचलं. जुनी इमारत. तळमजला. स्टोअर. डाव्या भिंतीवरचं खालचं भोक.

"बाळाचा बाप खाली बिल भरत होता तेव्हा," बोपण्णा म्हणाला. "तुम्ही त्याच्याकडेच बघत उभे होतात. कॅमेऱ्यात दिसतंय. दाखवू?"

"नको."

"सॉफ्टवेअर कुणी निवडलं होतं?"

तिप्पेस्वामींनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"उत्तम निवडलंत, सर." त्यानं एक कागद पुढं सरकवला. राजीनामा टाईप करून तयार होता. "पोलिसांना सांगायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. ठरवणारही नाही. तुम्ही घरी बसून वाट बघा."

त्यांनी सही केली. नावाऐवजी नुसती रेघ उमटली. बोपण्णानं दुसरी प्रत पुढं केली आणि पुन्हा करायला लावली.

मला वाटलं, इथं संपलं. पण आठवड्यानं तळघरात गिरिजम्मा आल्या. रेशमी साडी, केसांत मोगरा, हातात स्टीलचा मोठा डबा. नवऱ्याचं स्टोअरमधून आमच्याकडे आणून ठेवलेलं चष्म्याचं घर आणि पाण्याची बाटली न्यायला आल्या होत्या.

"यांना निरोप समारंभ नको होता म्हणे," त्या म्हणाल्या. "लाजरे आहेत. मुदतीआधी सुटलो, गुपचूप निघालो, म्हणाले. असं तोंड गोड केल्याशिवाय कसं चालेल? मी ओब्बट्टू केलेत. सगळ्यांना पुरतील."

मी त्यांना तिथूनच परत न्यायला उठले, तेवढ्यात बोपण्णा खोलीतून बाहेर आला. "अम्मा, या या," म्हणाला. त्यांनी पुरणपोळ्यांचा तो डबा उघडून पुढं केला. त्यानं एक ओब्बट्टू घेतला. उभ्याउभ्याच पूर्ण खाल्ला, बोटांना लागलेलं तूप रुमालाला पुसलं.

"फार छान झालेत," तो म्हणाला. "त्यांनी तुम्हाला काय सांगितलं, अम्मा?"

"काय म्हणजे?"

मग त्यानं सांगितलं. त्याच हळू आवाजात, काहीही न वगळता. स्टोअर, प्रिंटर, खिडकीकडचा पाळणा, निळे ओठ. "तुम्हाला मूलबाळ नाही," तो शेवटी म्हणाला, "तेव्हा तुम्हाला कदाचित कळणार नाही त्या आईचं काय झालं असेल."

गिरिजम्मा उभ्याच होत्या. डबा दोन्ही हातांत. त्यांना रडू येईल असं मला वाटलं, पण आलं नाही. त्या वळल्या आणि सगळ्यात जवळच्या टेबलापाशी गेल्या. तिथल्या मुलापुढं डबा धरला. त्यानं मान हलवली, नको. त्या तशाच धरून उभ्या राहिल्या, तो घेईपर्यंत. मग पुढच्या टेबलापाशी. मग माझ्यापाशी. मी घेतला. हातात गरम लागला. एकेका टेबलावरून त्या सगळं खातं फिरल्या, एकालाही सोडलं नाही, आणि मोजून प्रत्येकाच्या हातावर एक ठेवला.

डब्यात थोडे उरले होते. त्या पुन्हा बोपण्णापाशी आल्या.

"आणखी एक घ्या," म्हणाल्या. "तुमच्या घरी कोण करून घालतं तुम्हाला?"

बोपण्णाच्या घरी कुणी नव्हतं, हे त्यांना तिप्पेस्वामींनीच कधीतरी सांगितलेलं असणार. त्याचा चेहरा पहिल्यांदा लाल झाला. त्यांनी ओब्बट्टू त्याच्या टेबलावरच्या कागदांवर ठेवला, तुपाचा डाग पसरला, झाकण लावलं आणि नवऱ्याची बाटली व चष्म्याचं घर घेऊन त्या जिना चढून गेल्या.